देव्हाऱ्यातली देवी आणि माहेरी गेलेली पत्रं

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेला आणि परत न आलेला एक शिपाई. त्याच्या मागे राहिलेल्या वस्तू तीन घरांत विखुरलेल्या. घरं एकाच रक्ताची, पण चौथ्या पिढीपर्यंत एकमेकांपासून इतकी लांब गेलेली, की त्यांतल्या दोघांना तिसऱ्याचा पत्ताच नव्हता. मी मोडी वाचतो, त्या निमित्ताने या प्रकरणात आलो आणि वाचून झाल्यावरही त्यात राहिलो. घराण्याचं नाव, गाव आणि शिपायाचा पलटणीतला नंबर इथे देत नाही. बाकी हकिगत जशी घडली तशी मांडतो, कारण अशी पेटी फोडायची वेळ आज बऱ्याच घरांत आली आहे.

सातारा जिल्ह्यातलं शेतकरी घर, तीन भाऊ. थोरला शेतीवर, मधला पलटणीत, धाकटा मुंबईला गिरणीत. मधला १९१४च्या अखेरीस बसऱ्याकडे गेला. घरात त्याची बायको होती आणि ती गरोदर होती. थोरल्याचा नातू म्हणजे तात्या, आज सत्तरी ओलांडलेले, गावातल्या मूळ घरात राहतात. धाकट्याचा वंश मुंबईत; तिथले कर्ते म्हणजे 'भाऊ'. आणि शिपायाच्या मुलीची मुलगी म्हणजे माई, त्या शेजारच्या तालुक्यात. माईंचं आडनाव दोनदा बदललेलं, एकदा आईच्या लग्नात, एकदा स्वतःच्या. त्यामुळे तात्यांनी भिंतीवर लावलेल्या वंशावळीत मधल्या भावाच्या नावाखाली रेघच नव्हती. 'निपुत्रिक' असं लिहिलेलं होतं.

भाऊंच्या लेकीने परदेशातून एका वंशावळीच्या संकेतस्थळावर माहिती भरली, माईंच्या नातवाने तिला शोधून फोन केला, आणि तिन्ही घरांचा एक व्हॉट्सॲप गट तयार झाला. सुरुवातीचे दिवस आनंदाचे. मग कोणाकडे काय आहे हे कळत गेलं आणि सूर बदलला.

तात्यांच्या घरी देव्हाऱ्यात, टाकांच्या मागे, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची पितळी दिसणारी जड थाळी होती. पिढ्यान्‌पिढ्या तिला हळदकुंकू वाहिलेलं, दर दसऱ्याला चिंचेने घासलेली. तिच्यावर एक स्त्री, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. घरच्या बायकांनी तिला देवी मानलं होतं, आणि त्यांचं काय चुकलं? त्रिशूळ आणि सिंह पाहून आपल्याकडे दुसरं काय मनात येणार? ती ब्रिटनची प्रतीकमूर्ती ब्रिटानिया. युद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने १९१९पासून पाठवलेली ही कांस्याची स्मरणपाटी. अशा १३ लाखांहून अधिक पाट्या काढल्या गेल्या. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. चौकटीत मृताचं नाव उठावाने असतं; हुद्दा नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे असावेत असा त्यामागचा विचार होता. विचार चांगला, पण शोध घेणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. शंभर वर्षं चिंच लागून नावाची अक्षरंही मऊ झालेली. मी बोट फिरवून वाचली तेव्हा तात्यांच्या सूनबाई शेजारी उभ्या होत्या. "म्हणजे ही देवी न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ही तुमच्या चुलत पणजेसासऱ्यांची निशाणी आहे. त्यांनी पाटी परत जागेवर ठेवली आणि कुंकू लावलं. ते मला योग्यच वाटलं.

भाऊंकडे एक पदक होतं. शिपायाला पदकं तीन मिळालेली असणार, कारण १९१५ संपायच्या आत युद्धभूमीवर उतरलेल्याला तीन मिळत: १९१४-१५चा कांस्याचा तारा, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. तारा कुठे गेला कोणालाच माहीत नाही. चांदीचं पदक भाऊंच्या आजीने मोडलं. गिरणी संपाच्या दिवसांत घरात दाणा नव्हता. भाऊ हे सांगताना खाली मान घालून बसले होते. त्यांना मी सांगितलं तेच इथेही लिहितो: चांदीचं पदक असंख्य घरांत वितळलं, आणि त्याने पोरांच्या तोंडी घास गेला असेल तर त्याबद्दल कोणी लाजायचं कारण नाही. व्हिक्टरी मेडल कांस्याचं म्हणून वाचलं.

आणि माईंकडे पत्रं होती. पत्र्याच्या डब्यात, जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली अकरा पत्रं, काही पाकिटांसह. सगळी मोडीत. माईंना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांच्या आईलाही नव्हतं. "आईनं सांगितलं, तुझ्या आज्यानं लिव्हल्यात, टाकू नको. म्हणून न्हाई टाकली."

माणूस एकच का?

तिन्ही घरं गृहीत धरून होती, की पाटी, पदक आणि पत्रं एकाच माणसाची. मला तसं गृहीत धरता येत नव्हतं. नाव साधं, मराठा घरांत सर्रास आढळणारं. एका पलटणीत त्या नावाचे चार-पाच शिपाई सहज असत, म्हणून तर नंबर लागत. अक्षरावरून ओळखावं तर पत्रांत तीन वेगवेगळी वळणं. शिपायाला लिहिता येत नसे, कंपनीतला कोणीतरी जाणता माणूस लिहून देई, आणि लिहिणारा बदलला की वळण बदले. सहीच्या जागी फक्त पहिलं नाव.

दुवा सापडला तो पदकाच्या कडेवर. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या काठावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. लोक पदकाची तोंडं बघतात, कड बघत नाहीत. भाऊंनीही कधी बघितली नव्हती. भिंगातून कड फिरवत गेलो: नंबर, मग 'सिपॉय', मग इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं नाव, मग ११७ मराठा. आणि माईंच्या एका पाकिटाच्या मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, मोडीत तोच नंबर आणि '११७ मराठा पलटण'. आकडा न आकडा जुळला.

नंबर हाती आल्यावर पुढचं सोपं होतं. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी कोणालाही मोफत पाहता येतात, आणि भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. इथे होतं. गावाचं स्पेलिंग विचित्र, पण बापाचं नाव तात्यांच्या पणजोबांचं. स्मारक बसऱ्याचं. त्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली, आणि साध्या भारतीय शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. नावं वहीत राहिली. या असमान वागणुकीची कबुली कमिशनने स्वतःच्या अहवालात २०२१ साली दिली. म्हणून मला वाटतं, अशा घरातली पाटी हा नुसता पितळेचा तुकडा नव्हे. ज्याचं नाव दगडावर आलं नाही, त्याचं नाव धातूत उमटलेलं असं हे एक ठिकाण उरलं.

मृत्यूची तारीख मात्र घरातल्या गोष्टीशी जुळेना. तात्यांच्या घरी सांगत, लढाईत गोळी लागून गेला. म्हणून पितृपक्षात त्याचं पान घातचतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांच्या तिथीला, घालत आले. नोंदीतली तारीख १९१६च्या उत्तरार्धातली. आता, ११७ मराठा ही सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमधली पलटण. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला लढली, मागे हटून टायग्रिसकाठच्या कुत गावी आली, ७ डिसेंबरपासून तिथे वेढली गेली, आणि उपासमारीने खचून २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यांत फार मोठ्या संख्येने माणसं भुकेने आणि रोगाने गेली. तेव्हा या शिपायाचा मृत्यू बहुधा कैदेतला. बहुधा म्हणतो, कारण कैदेत गेलेल्यांच्या तारखा अनेकदा मागाहून अंदाजाने घातल्या गेल्या.

तात्यांना हे ऐकून वाईट वाटलं. गोळी लागून मरण्यात एक मान असतो, तो काढून घेतल्यासारखं त्यांना झालं. पुढच्या वर्षापासून सर्वपित्रीला पान घालायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथी बदलू नका. तो लढायला गेला होता, आणि उपाशी ठेवून मारणं हाही घातच.

चैत्रातलं पत्र

खरा पेच मात्र वस्तूंचा नव्हता. दोन घरांत शंभर वर्षं दोन गोष्टी चालत आल्या होत्या. तात्यांकडे म्हणत: नवरा गेला तशी ती पोटातलं पोर घेऊन माहेरी निघून गेली, मागे वळून बघितलं नाही, आणि पेन्शन तिनेच खाल्ली. माईंकडे म्हणत: गरोदर बाईला दिरा-सासऱ्याने घराबाहेर काढलं, आणि पेन्शन त्यांनीच खाल्ली. गटावर पहिला महिना नमस्कार-चमत्कारात गेला; पेन्शनचा विषय निघाल्यावर चार दिवसांत दोघे गट सोडून गेले.

पत्रं मोडीत असल्यामुळे पहिल्यांदा तारखा लावल्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, वरची रेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगत जायची. त्यामुळे वाचन सावकाश. पण मिती ठरलेल्या जागी असते. सर्वांत जुनं पत्र शके १८३६च्या मार्गशीर्षातलं, शेवटचं शके १८३७च्या कार्तिक शुद्धातलं, म्हणजे नोव्हेंबर १९१५मधलं. टेसिफॉनच्या अगदी तोंडावरचं. त्यानंतर काही नाही, आणि का नाही ते आता कळत होतं.

सगळी पत्रं बापाला लिहिलेली. 'तीर्थरूप बाबा यांचे सेवेशी, बालके कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी सुरुवात, मग खुशाली, मग बैल, मग पाऊस, मग पैसे पोचले का. त्या काळी शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातून तो घरी पाठवी आणि दर पत्रात पोच मागे. बायकोचं नाव कुठेच नाही. तशी रीतच नव्हती, 'घरातील मंडळी' एवढाच उल्लेख. तीनचार पत्रं वाचून झाली तेव्हा माई थोड्या हिरमुसल्या होत्या.

मग चैत्र वद्यातलं पत्र आलं, १९१५च्या एप्रिलचं. बैलाच्या खुराच्या दुखण्याच्या आणि एका उसनवारीच्या मधोमध हे वाक्य होतं: 'घरातील मंडळीस सातवा चालू आहे तरी माहेरी पाठवावे, बाळंतपण तिकडेच करावे, मी येई तो तिकडे राहिली तरी चालेल, दादाने पोचवून यावे.'

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. खोलीत तात्याही होते, माईही होत्या. ती पळून गेली नव्हती आणि तिला कोणी हाकललंही नव्हतं. नवऱ्याने स्वतः सांगून पाठवलं होतं, आणि ज्या 'दादाने' तिला पोचवलं तो तात्यांचा आजा. 'मी येई तो' यातला 'मी' आलाच नाही, म्हणून ती तिकडेच राहिली.

दुसरी गोष्ट श्रावणातल्या पत्रात. 'मुलगी झालेचे कळले. सर्वांस आनंद. नाव काय ठेविले ते लिहावे.' माईंच्या आईने आयुष्यभर सांगितलं होतं, की बापाला आपण झालेलं कळलंच नाही. माई त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. त्यांनी मला ती ओळ देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून मागितली. ती आता त्यांच्या आईच्या फोटोखाली लावलेली आहे.

पेन्शनबद्दल पत्रांत काही नाही, असणारही नाही. ती शिपायाच्या मरणानंतरची गोष्ट. मी दोन्ही घरांना स्पष्ट सांगितलं, की या कागदांवरून कोणी निर्दोष ठरत नाही आणि कोणी दोषीही. जे पत्रात नाही ते पत्राच्या नावावर खपवू नका.

कुणाची, की कुणाकडे

मग तात्या म्हणाले, "पत्त्यावर आमच्या पणज्याचं नाव हाय. आमच्याच दारात आल्यात ही पत्रं." माई म्हणाल्या, "दारात आली खरी. पण जपली कुणी?"

दोघांचंही खरं होतं. पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा, त्यातल्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा, हा कायद्यातला जुना भेद. म्हणजे काटेकोर बघितलं तर कागदावर तात्यांच्या शाखेचा दावा, आणि मजकुरावर माईंचा, कारण लिहिणाऱ्याची थेट वारस त्यांचीच शाखा. शंभर वर्षांच्या ताब्याचा मुद्दा वेगळाच. कोर्टात गेलं तर वकिलांना पिढीभराचं काम. मी तेव्हा एकच आग्रह धरला: 'कुणाची' हा प्रश्न बाजूला ठेवा, 'कुणाकडे, आणि कोणत्या अटीवर' एवढं ठरवा.

गटावर सूचना येत होत्या. एकाने म्हटलं, अकरा पत्रं आहेत, प्रत्येक घराला तीन-चार वाटून टाका. ही सूचना सर्वांना न्याय्य वाटते, आणि मला वस्तू हरवण्यापेक्षाही तिची भीती जास्त वाटते. चैत्रातलं पत्र एका घरी आणि श्रावणातलं दुसऱ्या घरी गेलं असतं, तर त्या बाईची गोष्ट पुन्हा दुभंगली असती. दुसऱ्या कोणी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणतो म्हटलं. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदात उतरतं, ते परत निघत नाही. कागद आतल्या आत कुजला तरी हात लावता येत नाही. दोन पाकिटांचे शिक्क्याचे कोपरे पूर्वीच कोणीतरी कापून नेलेले. तिकिटं जमवणाऱ्याचं काम. त्या फील्ड पोस्टाच्या शिक्क्यांवरून पत्र कुठून निघालं ते कळलं असतं.

भाऊंच्या लेकीला एक मूळ पत्र फ्रेम करून तिकडच्या घरी लावायचं होतं. तिची ओढ खरी होती. तिनेच तर सगळ्यांना जोडलं. पण १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित आणि १०० वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरचं पत्र त्यात मोडेल का यावर वाद घालता येईल, पण सामानात घालून तो वाद विमानतळावर कशाला करायचा? शिवाय भिंतीवरच्या उजेडात शाई उडते. तिला मोठ्या आकाराची छापील प्रत पाठवली, ६०० डीपीआयच्या स्कॅनवरून. पत्र आणि त्याचं पाकीट एकाच चौकटीत, पाठपोट.

शेवटी ठरलं ते असं. वस्तू जिथे आहेत तिथेच राहतील. पाटी देव्हाऱ्यात, पण चिंच बंद, नुसतं कोरडं मऊ फडकं आणि कुंकू. पदक भाऊंकडे. पत्रं माईंकडे, आम्लविरहित कागदाच्या घड्यांत, इरकलीचा तुकडा वेगळ्या पाकिटात पण त्याच डब्यात. तो तुकडा टाकायला निघाले होते. ती शिपायाच्या बायकोच्या लुगड्याची खूण असू शकते, म्हणून ठेवायला लावला. तिन्ही घरांत एकच यादी: प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, कुठून आली, कोणी सांगितलं, आणि ऐकीव काय, लेखी काय हे वेगळं. खाली सर्वांच्या सह्या: विकायचं नाही, मोडायचं नाही, फोडून वाटायचं नाही, सांभाळणं जमेना तर आधी इतर दोन घरांना विचारायचं, आणि कोणीच घेईना तर पत्रं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे देण्याची बोलणी करायची. १९१०मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मोडी कागद जपण्यात शतक घालवलंय.

या कागदाला कोर्टात किती वजन, हा प्रश्न मला एका वकील भाच्याने विचारला. फार नसेल. पण माईंनंतर डबा कोण घेणार, हे त्यात लिहिलं आहे: त्यांची धाकटी सून, जी आता मोडीचा वर्ग करते. मुलगा नव्हे. माईंनी ते स्वतः घातलं, आणि त्यांच्या मुलाने न कुरकुरता सही केली.

तात्यांच्या भिंतीवरच्या वंशावळीतला 'निपुत्रिक' शब्द खोडून खाली रेघ ओढली गेली आहे. पेन्शन कोणाला मिळाली हे अजून उलगडलेलं नाही. जुन्या नोंदींसाठी केलेल्या अर्जावर तात्या आणि माई दोघांच्या सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही, आणि ते कोणाच्या विरुद्ध जाईल हे दोघांनाही माहीत नाही.